हाक कोणाला, ओ कोणाची: एकाच मशीनवरच्या क्लाउडला पत्ते देताना

रिकाम्या मशीनवर ओपनस्टॅक बसवायला घेतलं की पहिला तासभर सगळं छान चालतं. मग इन्स्टॉलर तीन गोष्टी विचारतो: या मशीनचा पत्ता काय, आतलं नेटवर्क कुठलं आणि फ्लोटिंग आयपींची (बाहेरून पोचण्यासाठी उसन्या द्यायच्या पत्त्यांची) रेंज कुठली. बहुतेक जण समोर दिसेल तो आकडा तसाच ठेवून एंटर दाबतात. मीही दाबलं होतं. क्लाउड उभा राहिला, डॅशबोर्ड उघडला, व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन) सुरू झाल्याचं दिसलं आणि मग शेजारच्या लॅपटॉपवरून त्या व्हीएमपर्यंत पोचायला मला दोन दिवस लागले. सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता. त्या तीन प्रश्नांचा अर्थच मला कळला नव्हता.

ओपनस्टॅक हा २०१० साली नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून सुरू केलेला ओपन सोर्स प्रकल्प. स्वतःचा क्लाउड, म्हणजे हवी तेव्हा व्हीएम उभी करून देणारी यंत्रणा, बनवायचं हे सॉफ्टवेअर. मुळात तो खोल्या भरून ठेवलेल्या सर्व्हरांसाठी आहे, पण सगळ्या सेवा एकाच मशीनवर कोंबल्या तरी चालतो. शिकायला, चाचण्यांना, लहान टीमच्या कामाला तेवढं पुरतं. डेव्हस्टॅकसारखी स्क्रिप्ट हे सगळं एका बैठकीत बसवून देते. खालची उदाहरणं ओपनस्टॅकची आहेत. दुसरं कुठलं खासगी क्लाउड सॉफ्टवेअर घेतलंत तर नावं बदलतील, पत्त्यांचा हिशेब साधारण हाच राहील.

या हिशेबात प्रत्येक पत्त्याला मी एकच प्रश्न विचारतो: कोणी याला हाक मारली, तर ओ कोण देणार?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण नेटवर्क अक्षरशः असंच चालतं. लॅपटॉपला त्याच नेटवर्कवरच्या १९२.१६८.१.५० शी बोलायचं असेल, तर नुसत्या आयपी पत्त्यावर त्याचं भागत नाही. तो आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, '१९२.१६८.१.५० कोण आहे?' ज्याचा तो पत्ता असेल तो ओ देतो, 'मी, आणि माझा मॅक पत्ता हा.' पुढची पॅकेटं त्या मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर, जातात. या पद्धतीला एआरपी म्हणतात. तिचं मूळ टिपण १९८२ चं आहे आणि आयपीव्ही४ च्या जगात ती आजही चालू आहे. कोणीच ओ दिली नाही, तर 'होस्ट अनरीचेबल' असं उत्तर येतं. दोघांनी ओ दिली, तर त्याहून वाईट: सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं, आणि आपण नको त्या सेटिंगांशी झटापट करत बसतो.

पत्ता आपल्या नेटवर्कच्या तुकड्याबाहेरचा असेल तर लॅपटॉप त्याला हाक मारतच नाही. तो गेटवेला, म्हणजे बाहेरच्या वाटेवर बसलेल्या राउटरला, हाक मारतो, पॅकेट त्याच्या हवाली करतो आणि मोकळा होतो. आत कोण, बाहेर कोण हे ठरतं स्लॅशनंतरच्या आकड्यावरून. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा असतो. /२४ म्हणजे डावीकडचे २४ बिट तुकड्याचे आणि उरलेले ८ त्यातल्या यंत्रांचे. ८ बिटांत २५६ पत्ते बसतात. पहिला खुद्द तुकड्याच्या नावाने जातो, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला लागतो, हातात राहतात २५४. एवढं गणित आलं की या लेखापुरतं पुरे.

## आधी कागद

घरात किंवा ऑफिसात वापरायचे पत्ते कुठून घ्यायचे हे फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने ठरवून दिलं: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. हे पत्ते इंटरनेटवर फिरत नाहीत, म्हणून कोणीही वापरावेत. अडचणही तिथेच आहे. कोणीही वापरावेत म्हटल्यावर सगळेच वापरतात. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) बसवलं की तो स्वतःसाठी १७२.१७.०.०/१६ घेतो. व्हीएम चालवणाऱ्या लिबव्हर्टचं तयार नेटवर्क १९२.१६८.१२२.०/२४ वर बसतं. कामाच्या ठिकाणचं व्हीपीएन जोडलं की बरेचदा ते १० ने सुरू होणारा भलामोठा पट्टा स्वतःकडे ओढून घेतं. तुम्ही आतल्या नेटवर्कला यातलंच काही दिलंत, तर मशीनला दोन वाटा दिसतात आणि ते जास्त नेमकी वाटणारी वाट धरतं. ती तुमची असेलच असं नाही.

म्हणून इन्स्टॉलरला हात लावायच्या आधी मी कागद घेतो. समजा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि नेटवर्क १९२.१६८.१.०/२४. मग कागदावर असं उतरतं:

१९२.१६८.१.१: राउटर
१९२.१६८.१.५०: सर्व्हर, पत्ता कायमचा
१९२.१६८.१.१०० ते १९९: राउटरचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय), फोन, लॅपटॉप, प्रिंटर
१९२.१६८.१.२०० ते २३९: फ्लोटिंग आयपी, फक्त क्लाउडसाठी
१०.२०.०.०/२४: क्लाउडच्या पोटातलं नेटवर्क

पाच ओळींना पाच मिनिटं लागतात. त्यातली तिसरी ओळ राउटरमध्ये जाऊन खरोखर तशी करून यावी लागते, नुसती लिहून भागत नाही. अनेक राउटरांचं डीएचसीपी मुळात २ ते २५४ अशी सगळी रेंज अडवून बसलेलं असतं. ती तशीच राहिली तर एके दिवशी राउटर १९२.१६८.१.२०७ हा पत्ता कोणाच्या तरी फोनला देऊन टाकतो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की तोच पत्ता तुमच्या क्लाउडने एका व्हीएमला दिलाय! हाकेला दोन ओ.

## मशीनचा स्वतःचा पत्ता

हा सगळ्यांत सोपा वाटतो आणि सगळ्यांत महागात पडतो.

ओपनस्टॅक म्हणजे एक प्रोग्रॅम नव्हे. ओळख तपासणारी कीस्टोन ५००० या पोर्टवर (पत्त्यावरच्या दाराच्या क्रमांकावर) बसते, व्हीएम चालवणारी नोव्हा ८७७४ वर, डिस्क प्रतिमा सांभाळणारी ग्लान्स ९२९२ वर, नेटवर्क बघणारी न्यूट्रॉन ९६९६ वर. शिवाय डेटाबेस आहे, निरोपांची ने-आण करणारा रॅबिटएमक्यू आहे. सगळे एकाच मशीनवर असले तरी एकमेकांशी नेटवर्कवरूनच बोलतात, आणि कोणी कुठे बसलाय याची यादी कीस्टोनच्या डेटाबेसमध्ये पूर्ण पत्त्यासकट लिहिलेली असते. इन्स्टॉल करताना मशीनचा जो पत्ता असेल तोच तिथे कोरला जातो. शिवाय प्रत्येक सेवेच्या कॉन्फिग फाइलमध्येही तो उतरतो.

मग एके दिवशी राउटर बदलतो. नवा राउटर १९२.१६८.०.० वापरतो, सर्व्हर डीएचसीपीवर असतो, त्याला नवा पत्ता मिळतो. मशीन व्यवस्थित, इंटरनेट व्यवस्थित, क्लाउड मेलेला. सगळ्या सेवा जुन्या पत्त्याला हाका मारत बसल्यात आणि त्या पत्त्यावर आता कोणी नाही. हे निस्तरायला डेटाबेसमध्ये आणि डझनभर फाइलींमध्ये जुना पत्ता शोधून बदलावा लागतो. तेवढ्या वेळात क्लाउड नव्याने बसवून होतो, हे मी एकदा करून पाहिल्यावर कळलं.

तेव्हा सर्व्हरचा पत्ता स्थिर हवा आणि तो इन्स्टॉल करायच्या आधी हवा. राउटरमध्ये त्या मॅक पत्त्यासाठी आयपी राखून ठेवणं हा अर्धा इलाज. माझं मत असं की पत्ता सर्व्हरवरच लिहावा, म्हणजे राउटर बंद असला तरी क्लाउड उठतो. लॅपटॉपवर क्लाउड बसवून तो घेऊन हिंडणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. लिनक्समध्ये डमी नावाचा इंटरफेस बनवता येतो. त्याला तार नाही, वाय-फाय नाही, काही नाही. त्याला १०.३०.०.१ सारखा पत्ता द्यायचा आणि इन्स्टॉलरला तोच मशीनचा पत्ता म्हणून सांगायचा. बाहेरचं नेटवर्क रोज बदललं तरी आतल्या हाकांना ओ मिळत राहते. दुसऱ्या यंत्रावरून मात्र हा पत्ता आपोआप दिसणार नाही, त्यासाठी तिथे वेगळी वाट सांगावी लागेल.

आणखी एक बारीक काटा. डेबियन आणि उबुंटू नावं आणि पत्ते लिहिलेल्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनच्या नावासमोर १२७.०.१.१ लिहून ठेवतात. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे मशीनने स्वतःशीच बोलणं. एखादी सेवा नावावरून पत्ता शोधते, तिला हा मिळतो, ती तिथेच कान लावून बसते, आणि दुसरी सेवा तिला १९२.१६८.१.५० वर शोधत राहते. दोघी एकाच मशीनवर असूनही भेट होत नाही. ती ओळ बदलून नावासमोर खरा पत्ता लिहा.

## पोटातले पत्ते

१०.२०.०.०/२४ हे नेटवर्क तारेवर कुठेच नसतं. ते न्यूट्रॉनने मशीनच्या मेमरीत उभं केलेलं असतं: एक आभासी स्विच, त्याला जोडलेली व्हीएम, आणि १०.२०.०.१ वर बसलेला आभासी राउटर. व्हीएम उठलं की डीएचसीपीने पत्ता मागतं आणि न्यूट्रॉन त्याला, समजा, १०.२०.०.१७ देतो. इथे कुठल्या हाकेला कोणी ओ द्यायची हे पूर्णपणे क्लाउड ठरवतो, त्यामुळे भांडण होत नाही. क्लाउडमधल्या दुसऱ्या प्रोजेक्टला (वेगळ्या टीमच्या जागेला) हुबेहूब हीच रेंज दिली तरी चालतं. दोन्ही नेटवर्कं एकमेकांना दिसतच नाहीत.

इथे नवशिक्याची एक हमखास चूक होते. सर्व्हरवर बसून तो १०.२०.०.१७ ला पिंग करतो, म्हणजे 'आहेस का?' असं विचारतो, उत्तर येत नाही, आणि तो क्लाउड बिघडला असं समजतो. बिघडलेलं काही नाही. ते व्हीएम याच मशीनच्या पोटात असलं तरी यजमान लिनक्सच्या नेटवर्कमध्ये नाही. आभासी राउटर वेगळ्या नेमस्पेसमध्ये (लिनक्समधल्या नेटवर्कच्या बंद खोलीत) किंवा ओपन व्हीस्विच या आभासी स्विचच्या नियमांमध्ये राहतो, आणि यजमानाच्या रूटिंग टेबलमध्ये, म्हणजे वाटांच्या यादीत, १०.२० चं नावसुद्धा नसतं. मशीन ती हाक बाहेरच्या खऱ्या राउटरकडे पाठवतं आणि ती बाहेर विरून जाते. उत्तर न येणं हीच इथे बरोबर गोष्ट.

१६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता मात्र ओळखून ठेवा. व्हीएम उठताना याच पत्त्याला विचारतं की माझं नाव काय, माझ्यात कुठली एसएसएच की (दुरून लॉगिन करायची किल्ली) टाकायची. ओ देतो न्यूट्रॉनचा मेटाडेटा एजंट. व्हीएम चालू आहे, पिंगही होतं, पण एसएसएच की नाकारली जाते, तेव्हा बहुतेक वेळा इथलीच ओ मिळालेली नसते.

## उसने पत्ते

आता खरा गुंता. बाहेरच्या लॅपटॉपला १०.२०.०.१७ दिसत नाही. म्हणून व्हीएमला बाहेरच्या नेटवर्कवरचा एक पत्ता उसना द्यायचा, हवा तेव्हा काढून दुसऱ्याला द्यायचा. हाच फ्लोटिंग आयपी. समजा आपण १९२.१६८.१.२०७ दिला.

गंमत अशी की व्हीएमला स्वतःला याचा पत्ताच नसतो! व्हीएममध्ये शिरून इंटरफेसची यादी मागवली तर १०.२०.०.१७ एवढंच दिसतं. १९२.१६८.१.२०७ ला ओ देतो तो आभासी राउटर. पॅकेट आलं की तो त्यावरचा पत्ता खोडून १०.२०.०.१७ लिहितो आणि आत ढकलतो. उत्तर बाहेर जाताना उलटं करतो. व्हीएमच्या आत फ्लोटिंग आयपी हाताने टाकून ठेवणारे लोक मी पाहिलेत. कृपया टाकू नका.

आता हा राउटर मेमरीत आहे आणि हाक येते ती भिंतीतल्या तारेवरून. ती त्याच्या कानापर्यंत पोचायची कशी? त्यासाठी ब्रिज लागतो. ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच. त्याला एका बाजूने खरं नेटवर्क कार्ड जोडायचं आणि दुसऱ्या बाजूने आभासी राउटरचं बाहेरचं तोंड. ओपनस्टॅकमध्ये त्याचं रूढ नाव बीआर-ईएक्स.

मशीनला दोन कार्डं असतील तर आयुष्य सोपं आहे. पहिल्यावर मशीनचा स्वतःचा पत्ता, दुसऱ्यावर काहीच पत्ता नाही आणि ते अख्खं ब्रिजच्या ताब्यात. कार्ड स्वस्तात मिळत असेल तर सरळ दुसरं घ्या, अक्कलहुशारी दाखवण्यात अर्थ नाही.

एकच कार्ड असेल तर ते ब्रिजला जोडावं लागतं, आणि जोडल्या क्षणी त्या कार्डावरचा पत्ता निकामी होतो. हे मला एसएसएचवर बसून कळलं. सर्व्हर दुसऱ्या खोलीत, मी लॅपटॉपवर, एकेक आज्ञा नीट वाचून देत होतो. पहिली आज्ञा: कार्ड ब्रिजला जोड. एंटर दाबलं. कर्सर थांबला. मी वाट पाहिली, आणखी एकदा एंटर दाबलं, मग कळलं की ते एंटर कुठेच पोचत नाहीये. झालं होतं असं: कार्डावर येणारं सगळं आता ब्रिजमध्ये जात होतं, आणि १९२.१६८.१.५० हा पत्ता अजून कार्डाच्याच नावावर होता. ब्रिजपाशी हाक येत होती, तिथे त्या नावाचं कोणी नव्हतं. मशीन जिवंत, पण बहिरं. शेवटी मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून दुसऱ्या खोलीत जावं लागलं.

पत्ता कार्डावरून काढून ब्रिजला द्यायचा असतो आणि मधल्या पायऱ्यांत श्वास घ्यायला फुरसत नसते. चार कामं एकाच ओळीत किंवा एका स्क्रिप्टमध्ये लिहून एकदम चालवायची: कार्डावरचा पत्ता काढा, कार्ड ब्रिजला जोडा, तोच पत्ता ब्रिजला द्या, आणि बाहेरची मूळ वाट, म्हणजे डिफॉल्ट रूट, पुन्हा टाका. चौथं काम हमखास विसरलं जातं, कारण पत्ता काढला की त्याच्या आधाराची वाट लिनक्स गुपचूप पुसून टाकतं. ते विसरलात तर शेजारच्या लॅपटॉपवरून सर्व्हर दिसतो पण सर्व्हरला इंटरनेट दिसत नाही. उबुंटूवर नेटवर्कची मांडणी लिहायला नेटप्लॅन वापरत असाल तर 'ॲप्लाय'ऐवजी 'ट्राय' वापरा: १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाहीत तर ते जुनी मांडणी परत आणायला बघतं. त्याच्या भरवशावर राहूनही पहिल्या वेळी मशीनसमोर बसूनच करा.

मग न्यूट्रॉनला बाहेरचं सबनेट, म्हणजे पत्त्यांचा तुकडा, सांगायचं. रेंज १९२.१६८.१.०/२४, वाटपाची मर्यादा २०० ते २३९, डीएचसीपी बंद, गेटवे १९२.१६८.१.१. हा गेटवे म्हणजे तुमचा खरा, डब्यातला राउटर. पुष्कळ जण इथे सर्व्हरचा पत्ता लिहितात, कारण 'बाहेर जायची वाट सर्व्हरमधूनच आहे ना'. पॅकेटं त्याच्या कार्डातून जातात हे खरं, पण ती ब्रिजवरून तारेवर जातात. सर्व्हरच्या रूटिंगशी त्यांची गाठ पडत नाही. आणि चाळीसच्या चाळीस पत्ते व्हीएमना मिळतील असं धरू नका. प्रत्येक आभासी राउटर स्वतःच्या बाहेरच्या तोंडासाठी एक ठेवून घेतो.

## ब्रिज जमत नाही तिथे

वाय-फायवर हा बेत फसतो. वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट ज्या मॅक पत्त्याने जोडणी केली, सहसा त्याचंच ऐकतो. आभासी राउटर वेगळ्या मॅक पत्त्याने ओ देतो, ती ओ हवेतच अडते. भाड्याच्या सर्व्हरवरही हेच: पुरवठादार अनोळखी मॅक पत्ते गाळून टाकतो. क्लाउडच मुळात एखाद्या व्हीएममध्ये बसवला असेल, तर बाहेरच्या हायपरव्हायजरमध्ये (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) परवानगी द्यावी लागते: व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रॉमिस्क्युअस मोड, हायपर-व्हीमध्ये मॅक स्पूफिंग.

परवानगी मिळत नसेल तर डेव्हस्टॅक आपणहून जे करतं ते करा, आणि खरं सांगायचं तर एका मशीनसाठी मला हीच मांडणी जास्त आवडते. फ्लोटिंग आयपींसाठी एक पूर्ण वेगळी रेंज घ्यायची, डेव्हस्टॅक १७२.२४.४.०/२४ घेतं. ब्रिजला कुठलंच खरं कार्ड जोडायचं नाही, फक्त १७२.२४.४.१ हा पत्ता द्यायचा आणि बाहेरच्या सबनेटचा गेटवे म्हणून तोच सांगायचा. इथे मात्र गेटवे खरोखर सर्व्हर आहे. लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्याची पॅकेटं पुढे पाठवणं) चालू करायचं आणि बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर सर्व्हरचा पत्ता चढवायचा, म्हणजे मास्करेड. कार्डाला धक्का लागत नाही, एसएसएच तुटत नाही, फोनशी पत्त्यावरून भांडण नाही.

राहतो एक प्रश्न. लॅपटॉपला १७२.२४.४.१५ कुठे आहे ते कसं कळणार? सांगायचं. लॅपटॉपवर, किंवा राउटरमध्ये एकदाच, स्थिर वाट लिहायची: १७२.२४.४.०/२४ साठी १९२.१६८.१.५० कडे जा. मग लॅपटॉप त्या पत्त्यासाठी सर्व्हरला हाक मारतो, सर्व्हर ओ देतो, आणि पुढचं त्याचं तो बघतो.

## ओ कोणी दिली ते बघणं

सगळं करून पिंग गेलं नाही, तर आतून बाहेर या. डॅशबोर्डवरून व्हीएमचा कन्सोल उघडा. चाचणीला सिरॉस नावाची चिमुकली प्रतिमा पुरते. पत्ता मिळालाय का? नसेल तर आतलं डीएचसीपी. १०.२०.०.१ ला पिंग जातंय का? नसेल तर आभासी राउटर त्या सबनेटला जोडायचा राहिला. १९२.१६८.१.१ ला जातंय का? नसेल तर ब्रिज किंवा राउटरचं बाहेरचं तोंड. आकड्यांना जातं पण नावांना नाही, तर सबनेटमध्ये डीएनएस सर्व्हर लिहायचा राहिला.

आतून सगळं जातं आणि बाहेरून काहीच येत नाही, तेव्हा सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे व्हीएमच्या दारावरचे नियम, आठवा. नव्या प्रोजेक्टचा मूळ ग्रुप बाहेर जाऊ देतो, पण परक्याला आत घेत नाही. आयसीएमपी आणि टीसीपी २२ उघडल्याशिवाय ना पिंग होणार ना एसएसएच. माझ्या त्या दोन दिवसांतला जवळजवळ एक दिवस यात गेला होता, कारण मी रूटिंगच तपासत होतो.

तरीही संशय उरला तर लॅपटॉपचं एआरपी टेबल उघडा आणि १९२.१६८.१.२०७ समोर कुठला मॅक पत्ता आहे ते बघा. ओपनस्टॅक स्वतः बनवलेले मॅक पत्ते सहसा एफए:१६:३ई ने सुरू करतो. तो दिसला तर ओ क्लाउडनेच दिली आहे, बिघाड आत शोधा. ती ओळ अपुरी किंवा रिकामी असेल तर ओ कोणीच दिली नाही: ब्रिज, वाय-फाय किंवा मॅक गाळणारा कोणीतरी मध्ये आहे. तिसराच कुठला मॅक दिसला, तर कागदावरची तिसरी ओळ राउटरमध्ये उतरवायची राहिली आहे आणि कोणाचा तरी फोन तुमच्या व्हीएमच्या नावाने ओ देतोय. वेगळ्या रेंजच्या मांडणीत ही तपासणी सर्व्हरवर करायची, कारण लॅपटॉप तिथे फक्त सर्व्हरलाच हाक मारतो.

पिंग होतं, एसएसएच अर्ध्यात लटकतं, मोठी फाइल उतरता उतरता थांबते, असं झालं तर पत्ते सोडा आणि एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, बघा. साध्या इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइट मिळतात. आतलं नेटवर्क व्हीएक्सलॅनचं, म्हणजे प्रत्येक पॅकेटाला वरून आणखी एक वेष्टण घालणारं, असेल तर वेष्टणात ५० जातात आणि व्हीएमला १४५० उरतात. न्यूट्रॉनबरोबर वापरल्या जाणाऱ्या ओव्हीएनच्या जिनीव्ह वेष्टणात १४४२ उरतात. एकच मशीन असल्याने वेष्टण घातलं जात नसलं तरी ही कपात लागू राहते. न्यूट्रॉन हा आकडा व्हीएमला डीएचसीपीतून सांगतो, पण व्हीएममध्ये डॉकर बसवलंत तर त्याचा ब्रिज १५०० च धरून चालतो. तो आकडा हाताने कमी करा.

आणि सगळं चालायला लागलं की लगेच, काम सुरू करायच्या आधी, मशीन एकदा रीबूट करा. हाताने दिलेल्या आज्ञा मेमरीत असतात. ब्रिजला दिलेला १७२.२४.४.१ रीबूटनंतर गायब होतो, मास्करेडचा नियम जातो, फॉरवर्डिंगही मूळपदावर येऊ शकतं. डेव्हस्टॅक तर रीबूट झेलायला बनवलेलंच नाही. मशीन उठलं की आधी ब्रिजवर पत्ता आहे का बघा, मग लॅपटॉपवरून फ्लोटिंग आयपीला पिंग करा. जे गायब झालं असेल ते नेटप्लॅनच्या फाइलमध्ये आणि फायरवॉलच्या कायमच्या नियमांत लिहा, आणि पुन्हा रीबूट करा.